खुली संग्रहालयं : उचलून आणलेलं घर हे घर राहतं का?

कौलारू

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात वील्ड अँड डाऊनलँड संग्रहालयात अख्खा दिवस काढला. संग्रहालय म्हणजे टेकड्यांच्या कुशीतलं एक मोठं कुरण आणि त्यात विखुरलेली पन्नासेक जुनी घरं, गोठे, कोठारं, एक पाणचक्की. लोकांसाठी हे १९७० साली खुलं झालं. तिथलं बायलीफ नावाचं शेतकऱ्याचं घर माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

घर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं, मूळ केंटमधलं. १९६०च्या दशकात तिकडे बो बीच नावाचा जलाशय करायचं ठरलं. तेव्हा हे घर उतरवलं आणि इथे आणून परत उभं केलं. मधली खोली थेट छपरापर्यंत उंच. धुराडं नाही. जमिनीच्या मधोमध विस्तव, आणि धूर जाईल तिथून जाईल. खिडक्यांना काच नाही, नुसते उभे लाकडी गज आणि आतून झडपा. डोळ्यांना अंधार सरावला तेव्हा वर पाहिलं, तर वासे काळेकुळकुळीत.

मी भारावून उभी होते. तेवढ्यात तिथल्या बाईंनी मोकळेपणाने सांगितलं की टेबल, बाकं, पेट्या, खाट सगळं नव्याने बनवलेलं आहे, १५४०च्या सुमाराला घर कसं असेल ते शोधून. म्हणून तर सगळ्याला हात लावू देतात. खराब झालेलं लाकूडही ठिकठिकाणी बदललेलं. आणि जागा तर मूळची नाहीच.

मग मी नेमकं काय पाहिलं? घर, की घराची फार चांगली नक्कल? उत्तर सापडत नाहीये. जाणकारांनी भर घालावी.

पेरूचीफोड

मी पयला! आता वाचतो.

बिजागरी

माझं पोट जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर चालतं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

कौलारू, वाशांवर किंवा सांध्यांजवळ छिन्नीने ओरखडल्यासारख्या रेघा दिसल्या का? एक रेघ, दोन रेघा, फुली, फुलीपुढे रेघ? त्या सुतारांच्या खुणा. ही घरं मुळात जागेवर बांधलीच जात नसत. सुताराच्या अंगणात ओल्या ओकच्या लाकडाचा सांगाडा आडवा मांडायचा, सांधे बसतात का पाहायचे, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही तुकड्यांवर एकच खूण करायची, मग सगळं सुटं करून गाडीत घालायचं आणि जागेवर नेऊन उभं करायचं. चारचा आकडा बहुतेक वेळा सरळ चार रेघांचा, कारण रोमन पद्धतीने लिहिला आणि तुळई उलटी धरली तर चारचे सहा व्हायचे!

म्हणजे असं घर पहिल्यांदा उभं राहायच्या आधीच एकदा खोललं आणि वाहून नेलं गेलेलं असतं. संग्रहालयाने केलं ते सुताराचंच काम, फक्त पाचशे वर्षांनी आणि उलट्या क्रमाने. आधी प्रत्येक तुकड्याचं मोजमाप आणि नकाशे. मग प्रत्येकाला क्रमांकाची पट्टी. मग छप्पर, वासे, तुळया, खांब असं वरून खाली उतरवत यायचं. सांध्यांत लोखंड नसतं, लाकडी खुंट्या असतात. त्या शतकांनंतर इतक्या घट्ट बसतात की काही छिद्र पाडूनच काढाव्या लागतात. खांबाचा तळ कुजला असेल तर तेवढाच कापून नवं लाकूड तिरप्या सांध्याने जोडायचं. चांगला कारागीर तो नवा तुकडा मुद्दाम जुना दिसावा म्हणून रंगवत बसत नाही. पाहणाऱ्याला कळलं पाहिजे, जुनं कुठे संपलं ते.

ही कल्पना स्कँडिनेव्हियात आधी का रुजली, तेही ह्यातूनच कळतं. तिकडे घरं ओंडक्यांची, एकावर एक खाचेत बसवलेली. सुटी करून हलवणं तिथल्या शेतकऱ्यांना नवीन नव्हतं, वाटण्या झाल्या की घरं हलायचीच. १८८१ साली नॉर्वे-स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याने आजच्या ऑस्लोजवळ जुन्या इमारती जमवायला सुरुवात केली, त्यात गोल गावचं मध्ययुगीन लाकडी चर्चही आलं. त्यानंतर १८९१ मध्ये आर्तुर हाझेलियुसने स्टॉकहोमला स्कान्सेन उघडलं, आणि पुढे अशा संग्रहालयांना जगभर तेच नाव नमुना म्हणून चिकटलं.

खरी पंचाईत मातीच्या भिंतींची. त्या सुट्या करता येत नाहीत. मोडल्या की ती नुसती माती. जर्मनीत अलीकडच्या दशकांत भिंतीचे मोठमोठे भाग, कधी अख्खं घर, चौकटीत जखडून ट्रेलरवरून नेतात, म्हणजे गिलाव्याचे, रंगाचे थर तसेच राहतात. पण खर्च काय होत असेल ते विचारू नका.

पेरूचीफोड

वाचलं. चारचे सहा हे आवडलं. आमचे एक ठेकेदार लाकूड उलटं न धरताही करायचे.

तिरका_डोळा

बिजागरीबुवा, तंत्र म्हणून ठीक आहे, पण आधी एक सांगा, कोणाची घरं टिकली? ज्याच्याकडे ओकच्या तुळया घ्यायला पैसा होता त्याची. बायलीफही काही गरिबाचं घर नव्हे. ज्याने त्या शेतात घाम गाळला तो चिखल-काटक्यांच्या खोपटात राहत होता आणि ते खोपट त्याच्याआधीच मेलं. मग संग्रहालयात जे गाव उभं राहतं त्यात पाटील सगळे आणि गडीमाणूस एकही नाही.

दुसरं, हे कधी सुरू झालं ते बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्या काळाच्या आगेमागे दहा लाखांहून जास्त स्वीडिश माणसं देश सोडून अमेरिकेला गेली. शेतीत भागत नव्हतं म्हणून गेली. आणि इकडे राजधानीत टेकडीवर शेतकऱ्यांची टुमदार घरं मांडून नटूनथटून लोकनृत्यं. खेडं मरायला लागलं की त्याचं कौतुक सुरू होतं. मला तरी ह्यात शोकसभेचा वास येतो.

भिंगरी

ति.डो., मुद्दा बरोबर, पण जरा जुना झालाय. संग्रहालयवाल्यांना हे कळलेलं आहे.

स्कान्सेनमध्येच शेतमजुरांची चाळ आहे. मोठ्या जमीनदाराकडे वर्षाच्या कराराने राबणारी कुटुंबं, मजुरीचा मोठा भाग धान्य-दुधाच्या रूपात. ही पद्धत स्वीडनमध्ये १९४५ साली संपली, म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही. वेल्समधल्या सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयातही मातीच्या भिंतीचं मजुराचं झोपडं आहे.

मी कार्डिफला दोन वर्षं होते तेव्हा सेंट फॅगन्सला सारखी जायची. तिथली रीड-अ-कारची चाळ विसरणं शक्य नाही. मर्थर टिडव्हिलहून आणलेली सहा घरं, एकाला एक लागून. लोखंड कामगारांची, म्हणजे शेतीची नव्हेत, पण ऐका. सहाही घरांचा आराखडा सारखाच, फक्त एकेक घर एकेका सालातलं मांडलंय : १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५. एका दारातून बाहेर पडायचं, दुसऱ्यात शिरायचं आणि तीस-चाळीस-पन्नास वर्षं गेलेली. परसातसुद्धा तोच क्रम. पहिल्या घरात लोक हळू आवाजात बोलतात, संग्रहालयात बोलतात तसे. शेवटच्या घरात मात्र एकदम गलका, "अगं, आपल्याकडे हाच टीव्ही होता!" मी पाहिलं तेव्हा एक आजोबा १९५५च्या शेगडीपाशी उभे राहून नातीला कोळसा कसा सारायचा ते हातवारे करून दाखवत होते. फलक वाचायला कोणी थांबलं नव्हतं.

तिरका_डोळा

मजुरांच्या चाळीचं माहीत नव्हतं. मान्य. शोकसभेचा शब्द अर्धा मागे घेतो.

जुनाखोड

अर्धाच? कंजूष आहात.

तुम्ही सगळे घरांवर बोलताय, मी अवजारांवर बोलतो. काचेच्या कपाटातला नांगर म्हणजे फोटोतला बैल. खाली चिठ्ठी असते, "नांगर, लाकडी, एकोणिसावं शतक". बरं मग? फाळ कुठल्या बाजूने जास्त झिजलाय ते कोणी सांगत नाही. मूठ एकाच ठिकाणी गुळगुळीत का, सांगत नाही. झीज हेच तर त्या वस्तूचं हस्ताक्षर.

युरोपातलं मळणीचं जुनं अवजार घ्या. दोन दांडकी, एक लांब, एक आखूड, मध्ये चामड्याची वादी. काही ठिकाणी वादी वाम माशाच्या कातडीची असायची, चिवट म्हणून. बघणाऱ्याला वाटतं, ह्यात काय, हाणायचं. हाणून बघा. पहिल्या फटक्याला आखूड दांडकं परत येऊन तुमच्याच कानशिलात बसतं. ते कणसांवर सपाट पडलं पाहिजे, टोक लागलं की दाणा फुटतो. दोघंतिघं समोरासमोर असतील तर ताल सांभाळायचा. असे कितीतरी दिवस, हिवाळाभर. हे मी एका प्रात्यक्षिकात पाच मिनिटं केलं आणि दोन दिवस खांदा धरून बसलो. मळणीयंत्र आल्यावर लोकांना काय वाटलं असेल ते त्या पाच मिनिटांत कळलं. आणि कोणाला हिवाळ्याची मजुरी बुडाल्याचा राग आला असेल, तेही. १८३० साली दक्षिण इंग्लंडात मजुरांनी मळणीयंत्रं फोडली होती ना, त्यामागे हे होतं.

माझ्या मते खुल्या संग्रहालयात जपायची गोष्ट घर नव्हेच, काम आहे. घर हे त्या कामाचं खोकं.

कौलारू

जुनाखोडकाका, खोकं हा शब्द जिव्हारी लागला. :) पण वापरलं की वस्तू झिजणार. मूळ अवजार वापरून संपवायचं का?

जुनाखोड

नाही. मूळ ठेवायचं कोठीत, तेल-पाणी करून. त्याच्यावरून हुबेहूब दुसरं करायचं आणि ते झिजवायचं. ते करून घेताना लोहार नि सुतारही तयार होतात, हा वरचा फायदा. तुमच्या बायलीफमधल्या नव्या टेबलाचं दुःख करू नका. ते टेबल करणाऱ्याला आता तसं टेबल करता येतं.

रानवाटा

कौलारू, छपराबद्दल कोणीच बोललं नाही! माझा आवडता विषय, कारण ह्यात घर आणि शेत वेगळं काढताच येत नाही.

गव्हाच्या काडाने शाकारलेलं छप्पर टिकवायचं तर काड लांब आणि न मोडलेलं हवं. आजचा गहू बुटका. जपानच्या नोरिन १० ह्या वाणाचा बुटकेपणा घेऊन नॉर्मन बोरलॉग वगैरेंनी जी वाणं केली, ती खत भरपूर दिलं तरी आडवी पडत नाहीत. पिकासाठी उत्तम, छपरासाठी कुचकामी. त्यात कंबाइन हार्वेस्टर काडाचा चुरा करतो. म्हणजे बाजारात काडच मिळत नाही. मग संग्रहालयाने करायचं काय? जुना उंच गहू स्वतः पेरायचा, नत्र बेताने द्यायचं (जास्त झालं की काड कमकुवत), जुन्या पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राने कापायचा, पेंढ्या शेतातच उभ्या करून वाळवायच्या आणि काड न चुरडता मळायचा. एक छप्पर दुरुस्त करायला एक अख्खी शेतीपद्धत जिवंत ठेवावी लागते.

आणि उलटंही आहे. दक्षिण इंग्लंडातल्या काही घरांत छप्पर शाकारताना जुना थर काढत नसत, त्यावरच नवा चढवत. सगळ्यात खालचा थर मध्ययुगातला, कौलारूंनी पाहिलेल्या तसल्याच उघड्या विस्तवाच्या धुराने काळा झालेला. धुरामुळे कीड नाही, बुरशी नाही. जॉन लेट्स ह्या संशोधकाने हे काजळलेले थर तपासले तर आत पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा गहू मुळापासून कणसापर्यंत, सोबत शेतातलं तणसुद्धा! एकाच पेंढीत उंच-ठेंगणी, वेगवेगळ्या ठेवणीची रोपं. म्हणजे शेतात आजच्यासारखं एकजात वाण नव्हतं, मिश्रण होतं. हे कुठल्या दप्तरात लिहिलेलं नव्हतं. छपराने सांगितलं.

जपानात कावासाकीला निहोन मिंकाएन आहे, १९६७ सालचं. तिथे जुन्या शेतकरी घरांत स्वयंसेवक आळीपाळीने चुलीत विस्तव पेटवतात. पर्यटकांना मजा वाटते, पण खरं कारण छप्पर. धूर थांबला की कीड लागते.

तिरका_डोळा

हे छपराचं प्रकरण जबरदस्त आहे. उरलेला अर्धा शब्दही मागे.

पेरूचीफोड

सध्या सगळीकडे असल्या संग्रहालयांचं पेवच फुटलंय पण. दोन चाकं आणि एक रहाट मांडला की झालं वारसास्थळ.

बिजागरी

पेफो, नकळत योग्य शब्द वापरलात! पेव फुटणं म्हणतो आपण, पण पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, हे किती जणांच्या डोळ्यांसमोर येतं?

इंग्लंडात हॅम्पशायरला बट्सर नावाचं प्रायोगिक शेत आहे, १९७२ पासूनचं. इथे उचलून आणलेलं काही नाही. उत्खननात सापडलेल्या खांबांच्या खड्ड्यांवरून लोहयुगातली गोल घरं बांधली आणि त्या काळची शेती करून पाहिली. उत्खननात असे पुष्कळ खोल खड्डे मिळत, ते कशाचे ह्यावर वाद होता. दमट हवेत जमिनीत धान्य टिकेलच कसं, असा प्रश्न. त्या शेताचा प्रमुख पीटर रेनल्ड्स याने सरळ चुनखडीच्या जमिनीत खड्डे खणले, धान्य भरलं, तोंड मातीने लिंपून बंद केलं आणि हिवाळा जाऊ दिला. भिंतीलगतचे आणि वरचे दाणे ओल लागून मोडावतात. मोडावताना प्राणवायू संपवतात आणि कर्बवायू सोडतात. तो साठला की मोड थांबतात, कीडही जगत नाही, आणि आतलं धान्य झोपून राहतं. उघडल्यावर कडेचा पातळ थर वाया, बाकीचं खायलाच नव्हे, पेरायलाही चांगलं.

पेव उघडल्या उघडल्या आत उतरू नये म्हणतात, त्याचंही कारण हाच वायू.

पेरूचीफोड

च्यायला. मी टिंगल करायला आलो होतो.

रानवाटा

:))

भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात आणखी वेगळा मार्ग घेतलाय. श्यामला टेकडीवर सुमारे दोनशे एकरांत आदिवासी समाजांची घरं आहेत, पण ती बांधायला त्या त्या समाजाची माणसंच आली. घर उचलून आणण्याऐवजी घर बांधणारे हात आणले. माती-कुडाच्या घराची जी पंचाईत बिजागरींनी सांगितली, तिच्यावर हा उपाय मला जास्त पटतो, कारण असलं घर दर काही वर्षांनी नव्याने लिंपायचं-शाकारायचंच असतं. चेन्नईजवळ दक्षिणचित्र (१९९६) मात्र मुख्यतः उतरवून आणलेल्या जुन्या घरांचं आहे, लाकडाचं काम असल्याने ते जमलंही.

तिरका_डोळा

एक प्रश्न राहिला. रीड-अ-कारचं शेवटचं घर सोडलं तर सगळे १५००, १८५०, फार तर १९५५ पर्यंत थांबतात. १९८०ची शेती कोण जपणार? प्लास्टिकच्या खताच्या गोण्या, फवारणीचा पंप, सिमेंटच्या पत्र्याचा गोठा? तोही इतिहासच. कुरूप आहे म्हणून सोडायचा?

भिंगरी

थोडं सुरू झालंय. जर्मनीत कोमर्नच्या खुल्या संग्रहालयाने १९६५ सालचं एक तयार घर आणून मांडलंय, टपालाने माल विकणाऱ्या कंपनीने विकलेलं! अर्धलाकडी शेतघरांच्या रांगेनंतर ते बघून लोक हसतात म्हणे, आणि मग आत बराच वेळ रेंगाळतात.

जुनाखोड

मला ट्रॅक्टरची काळजी आहे. १९५०चा ट्रॅक्टर पाना, डिझेल नि दोन शिव्या एवढ्यावर सुरू होतो. आजचा ट्रॅक्टर कंपनीच्या संगणकाने परवानगी दिल्याशिवाय ठोक्याला लागत नाही. पन्नास वर्षांनी तो संग्रहालयात उभा असेल तो काचेमागच्या नांगरासारखाच. चालवून दाखवणं कोणालाच जमणार नाही.

भिंगरी

कौलारूंच्या मूळ प्रश्नाकडे येते. उचलून आणलेलं घर हे घर राहतं का?

नेदरलँड्समधलं आर्नहेमचं खुलं संग्रहालय १९१८ साली लोकांसाठी उघडलं. सप्टेंबर १९४४ मध्ये आर्नहेमची लढाई झाली, जर्मनांनी शहर रिकामं करायला लावलं, आणि शेकडो माणसं ह्या संग्रहालयातल्या घरांत आसऱ्याला आली. बुखारेस्टच्या ग्रामसंग्रहालयाचंही तेच. समाजशास्त्रज्ञ दिमित्री गुस्तीने ते १९३६ मध्ये उभं केलं. १९४० साली बेसारेबिया आणि उत्तर बुकोविना सोव्हिएत संघाने घेतल्यावर तिथून आलेली निर्वासित कुटुंबं ह्याच घरांत ठेवली, १९४८ पर्यंत. वापराने घरांचं नुकसान झालं, अभ्यासकांना वाईट वाटणं साहजिक आहे. पण पावसात लेकरं घेऊन आलेल्या बाईला ते घर मूळ जागेवर आहे की नाही ह्याने काय फरक पडला असेल? चूल होती, डोक्यावर छप्पर होतं.

रानवाटा

अंगावर काटा आला.

कौलारू

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल वाटलं नव्हतं.

काल बिजागरींचं वाचून बायलीफचे फोटो मोठे करून पाहिले. मधल्या खोलीच्या दाराशेजारच्या खांबावर, सांध्याच्या किंचित खाली, तीन उभ्या रेघा आहेत. मी त्याच खांबाला टेकून उभी होते आणि मला दिसल्या नव्हत्या. त्यांच्या बाजूला एक बारीक भोक आहे, खिळ्याचं असावं. भोकाच्या कडा ताज्या वाटतात. रेघा सुताराच्या हे कळलं. भोक कोणाचं?

बिजागरी

खोलताना लावलेल्या क्रमांकपट्टीच्या खिळ्याचं असू शकेल. नाहीतर नंतर कोणीतरी टोपी अडकवायला ठोकला असेल. जवळून काढलेला फोटो असेल तर टाका, भोकाभोवती गंजाचा डाग आहे का तेवढं बघतो. आणि वरच्या तुळईवर त्याच तीन रेघा आहेत का, तेही बघा.